एकही सामना न झालेल्या वर्षाचा ताळेबंद

तो दिवस सोमवार, 20 सप्टेंबर 2021. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. कोरोनामुळे सलग दुसऱ्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुका निघाल्या नव्हत्या, त्यामुळे डोंबिवलीतली ती रात्र ढोलताशांविना गेली. घराघरांतून आवाज येत होता तो दुबईतल्या सामन्याचा. मे महिन्यात 29 सामन्यांनंतर थांबवलेली आयपीएल त्याच रात्री पुन्हा सुरू झाली होती, आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने नाबाद 88 धावा काढून चेन्नईला मुंबईविरुद्ध 20 धावांनी विजय मिळवून दिला होता. सकाळी सात वाजता मी घराबाहेर पडले तेव्हा इमारतीखाली दोन शेजारी त्याच खेळीबद्दल बोलत उभे होते. मी ज्या खेळाच्या हिशेबासाठी निघाले होते, त्या कबड्डीच्या लीगचा शेवटचा सामना मात्र 19 ऑक्टोबर 2019 रोजी अहमदाबादेत झाला होता. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मॅटवर एकही चढाई झालेली नव्हती.

मी सनदी लेखापाल आहे. आमच्या फर्मकडे प्रो कबड्डी लीगमधल्या एका संघाची मालकी असलेल्या कंपनीचे ऑडिट होते. संघ कोणता, शहर कोणते, मालक कोण, हे मी सांगणार नाही. आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत ते बसत नाही, आणि मला जे सांगायचे आहे त्यासाठी नावाची गरजही नाही. कंपनीच्या हिशेबातले आकडेही मी याच कारणाने टाळले आहेत. 31 मार्च 2021 रोजी संपलेल्या आर्थिक वर्षाचे ते ऑडिट होते. तपासलेले हिशेब ज्या सभेपुढे मांडायचे त्या वार्षिक सर्वसाधारण सभेची मुदत 30 सप्टेंबरला संपत होती, त्यामुळे आमच्या हातात मोजून दहा दिवस उरले होते.

नफातोटा पत्रकात शेजारी शेजारी दोन रकाने असतात, एक चालू वर्षाचा आणि एक मागील वर्षाचा. लीगचा सातवा हंगाम जुलै ते ऑक्टोबर 2019 या काळात झाल्यामुळे तो पूर्णपणे मागील वर्षाच्या रकान्यात बसत होता. त्या रकान्यात घरच्या मैदानावरच्या सामन्यांची तिकीटविक्री होती, स्थानिक प्रायोजकांचे पैसे होते, लीगच्या मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा होता. चालू वर्षाच्या रकान्यात या तिन्ही ओळींपुढे आडवी रेघ होती. त्याची तयारी मनाने केव्हाच केली होती, कारण 2020 चा हंगाम झालाच नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. ज्या ओळीवर माझी नजर पुन्हा पुन्हा जात राहिली ती खर्चाच्या बाजूची होती. ‘खेळाडूंचे मानधन’ या शब्दांपुढेही तशीच आडवी रेघ होती. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. हंगाम झाला नाही, म्हणून त्या हंगामाचे करार झाले नाहीत, म्हणून देणे निर्माण झाले नाही. देणेच नसेल तर ताळेबंदाला ते दिसणार कसे? बारा-चौदा खेळाडू, राखीव मुले, प्रशिक्षक, फिजिओ आणि मालिश करणारा माणूस या सर्वांचे एक वर्ष बुडाले होते, आणि देशातल्या कोणत्याही कंपनीच्या वहीत त्या बुडण्याची नोंद होणार नव्हती. मालकाला झालेला तोटा निदान कागदावर येत होता.

सकाळचे काम भिवंडीत होते. माल आणि साहित्याची प्रत्यक्ष मोजणी खरे तर 31 मार्चच्या आसपास व्हायला हवी होती, पण त्या दिवसांत दुसरी लाट चढत होती आणि एप्रिलपासून कडक निर्बंध लागले. म्हणून सप्टेंबरमध्ये मोजायचे आणि मधल्या काळातली आवक-जावक वजा-बेरीज करून मार्चच्या आकड्यापर्यंत मागे जायचे, असे आम्ही ठरवले होते. माझ्यासोबत आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापाल होण्यासाठीची उमेदवारी, करणारी एक मुलगी होती. रांजनोली नाक्यापुढे गोदामांच्या रांगा सुरू होतात, त्यांतल्या एका रांगेच्या टोकाला, औषधे आणि ऑनलाइन विक्रीचा माल यांच्या मधोमध, या संघाचा गाळा होता. शेजारच्या गाळ्यांपुढे ट्रकांची रीघ लागलेली होती. आमचा शटर उघडून देणारे रखवालदार काका साठीच्या पुढचे होते, आणि आम्ही येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सणाचा दिवस असूनही झाडून घेतले होते.

कबड्डीची मॅट दूरचित्रवाणीवर एकसंध दिसते. प्रत्यक्षात ती एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा फोमच्या तुकड्यांची बनलेली असते, आणि त्यांच्या दातेरी कडा एकमेकींत अडकवून मैदान तयार होते. पुरुषांचे मैदान 13 बाय 10 मीटरचे, म्हणजे एका मैदानाला 130 तुकडे लागतात. कंपनीच्या मालमत्ता नोंदवहीत मॅटचे दोन संच होते. पहिल्या संचाचे तुकडे पुरे भरले. दुसऱ्या संचाचे आम्ही दोनदा मोजले, पण आकडा 126 च्या पुढे जाईना. काकांनी आमचे मोजून होईपर्यंत काही म्हटले नाही, मग मागच्या भिंतीपाशी जाऊन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार तुकडे आणून समोर ठेवले. “हे पहिल्या पावसाळ्यात भिजले, मॅडम. पत्रा गळत होता. बाकीच्यांत ठेवले असते तर सगळ्यांना बुरशी धरली असती, म्हणून वेगळे काढले.” ते चार तुकडे काळपट पडले होते आणि त्यांच्या कडांचे दाते फुगले होते.

मॅट अशी दोन वर्षे पडून राहिली तर खराब होते का, असे मी त्यांना विचारले, कारण तिचे मूल्य कमी करायचे की नाही हे मला ठरवायचे होते. ते म्हणाले की थप्पी लावून ठेवली की खालच्या तुकड्यांवर भार येतो आणि ते दबतात, शिवाय जमिनीची ओल धरतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी खालचे तुकडे वर आणि वरचे खाली करायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. हे करायला तुम्हाला कोणी सांगितले होते, या माझ्या प्रश्नावर त्यांनी मान हलवून नकार दिला आणि टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी शाळकरी वही काढून दिली. तिच्यात तारखा होत्या. 22 मार्च 2020 नंतर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काही नव्हते, कारण ते गावी अडकले होते. त्यानंतर मात्र दर पंधरवड्याला एक ओळ होती: “मॅट फिरवली. पुसली. पंखा चार तास.” त्या काळात त्यांना निम्मा पगार मिळत होता हे मला कंपनीच्या पगारपत्रकावरून आधीच माहीत होते. मी त्या वहीच्या पानांची छायाचित्रे घेऊन वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या पुराव्यांच्या फाइलमध्ये, लावली. मालमत्तेची देखभाल झाली होती याचा त्या कंपनीत उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पुरावा तोच होता, आणि त्या पुराव्यावर विसंबून मी मॅटचे मूल्य चार तुकडे वगळता तसेच राहू दिले.

टी-शर्टांचे तसे करता आले नाही. चाहत्यांना विकण्यासाठी 2019 मध्ये शिवून घेतलेले, पण न खपलेले टी-शर्ट, टोप्या आणि झेंडे अशी अनेक खोकी होती. शर्टांच्या छातीवर ज्या प्रायोजकाचे नाव होते त्याचा करार संपून गेला होता आणि नवा झाला नव्हता, त्यामुळे तो माल दुकानात ठेवण्याचा हक्कच कंपनीकडे उरला नव्हता. विक्रीयोग्य किंमत नाही, म्हणून मूल्य शून्य धरावे, असे मी टिपण केले. माझ्या आर्टिकलने एक खोके उघडले ते लहान मुलांच्या मापाचे निघाले. सहा ते आठ वर्षांच्या मुलाचा शर्ट, पाठीवर संघातल्या चढाईपटूचे नाव. प्लास्टिकच्या पिशवीला अजून घडीचा कडकपणा होता.

भिवंडीहून ठाणे आणि तिथून लोकलने करी रोड. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकलने प्रवास करता येत होता, तरी दुपारचा डबा निम्मा रिकामा होता. त्या प्रवासात मी धनकोंच्या शिलकेच्या पत्रांची फाइल चाळत होते. ऑडिटमध्ये आम्ही कंपनीच्या पुरवठादारांना थेट पत्र पाठवतो की, कंपनीच्या वहीप्रमाणे तुमचे अमुक इतके येणे आहे, ते बरोबर आहे का. बहुतेकांची उत्तरे ईमेलने येतात आणि त्यांत ‘बरोबर’ एवढेच असते. एक उत्तर मात्र टपालाने आले होते. 2019 च्या हंगामात संघाला सरावासाठी आणि सामन्यांसाठी बस देणाऱ्या वाहतूकदाराचे ते होते, आणि त्याची बस एकच होती. त्याने रक्कम बरोबर असल्याचे लिहून खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती: “आपण मोठ्या ऑफिसातून लिहिले आहे म्हणून विचारतो, हे पैसे कधी मिळतील ते आपल्याला कळले असल्यास कळवावे.” शाळा बंद, लग्ने पन्नास माणसांत, सहली नाहीत, अशा दीड वर्षात एका बसचा मालक कसा जगला असेल याचा विचार करायला मला ऑडिटच्या कार्यपद्धतीत जागा नव्हती, आणि त्याला उत्तर देण्याचा अधिकारही मला नव्हता. पत्र मी फाइलला लावले होते, आणि ती फाइल आता पिशवीत घेऊन मी मालकांना भेटायला चालले होते.

लोअर परळच्या कचेरीत मालक, त्यांचे फायनान्स प्रमुख, आमच्या फर्मचे ज्येष्ठ पार्टनर आणि मी असे चौघे मास्क लावून एका लांब टेबलाच्या चार टोकांना बसलो. मालकांचा मूळ व्यवसाय वेगळा होता आणि त्यालाही महामारीने जबर फटका दिला होता. संघ त्यांनी हौसेने घेतला होता, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मोजते, कारण हौस नसलेल्या माणसाने त्या वर्षी केव्हाच हात काढून घेतले असते.

पहिला वाद झाला तो फ्रँचायझीच्या हक्काच्या मूल्यावर. संघाच्या मालकीत खरी मालमत्ता काय असते, हे बाहेरून पाहणाऱ्याला चटकन लक्षात येत नाही. मैदान भाड्याचे असते, खेळाडू लिलावातून ठरावीक हंगामांसाठी येतात, मॅट आणि शर्ट किरकोळ किमतीचे. ताळेबंदाचा मोठा भाग व्यापतो तो या लीगमध्ये खेळण्याचा हक्क. ज्या वर्षी त्या हक्कातून एक रुपयाही आला नाही त्या वर्षी त्याचे मूल्य कमी करायला नको का, हा माझा प्रश्न होता, आणि मला तो विचारणे भागच होते. फायनान्स प्रमुखांनी उत्तरादाखल पुढच्या पाच वर्षांचा अंदाज समोर ठेवला. एप्रिल 2021 मध्ये, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना, लीगच्या प्रसारणहक्कांचा ई-लिलाव झाला होता आणि स्टार या वाहिनीसमूहाने पाच हंगामांसाठी 908.7 कोटी रुपये मोजून ते हक्क राखले होते. वर्षाला 181 कोटींहून अधिक. प्रेक्षागृहे रिकामी असोत वा भरलेली, ही रक्कम दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी होती. सोबत त्यांनी आणखी दाखले जोडले होते. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या रेडबर्ड कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सचा 15 टक्के हिस्सा घेतला होता. अमेरिकेत बास्केटबॉलचा यूटा जॅझ हा संघ ऑक्टोबर 2020 मध्ये, प्रेक्षकांविना हंगाम उरकल्यानंतर, 166 कोटी डॉलरला विकला गेला होता.

मी ते अंदाज तसेच स्वीकारले नाहीत. प्रसारणाच्या उत्पन्नाबद्दल माझा आक्षेप नव्हता, कारण तो करार झालेला होता. तिकीटविक्रीची ओळ मात्र त्यांनी येत्या हंगामातही निम्मी धरली होती. डिसेंबरमध्ये हंगाम घ्यायचा असे लीगने जाहीर केले होते, पण प्रेक्षकांना प्रवेश मिळेल याची खात्री त्या घडीला कोणीच देऊ शकत नव्हते. प्रायोजकत्वाचा अंदाज तर 2019 पेक्षाही वाढवलेला होता. मी त्यांना 2020 च्या आयपीएलची आठवण करून दिली. चीनच्या सीमेवरच्या तणावानंतर विवो ही चिनी मोबाइल कंपनी त्या वर्षापुरती बाजूला झाली, आणि वर्षाला सुमारे 440 कोटींना गेलेले शीर्षक प्रायोजकत्व त्या बाजारात ड्रीम11 ला 222 कोटींना मिळाले. आयपीएलचा भाव निम्म्यावर येत असेल तर कबड्डी संघाच्या शर्टावरचा भाव वाढेल असे मी कशाच्या आधारावर मानू? दोन तासांच्या चर्चेनंतर तिकीटविक्री शून्य आणि प्रायोजकत्व निम्मे धरून पुन्हा गणित मांडले. तरीसुद्धा हक्काचे मूल्य पुस्तकी किमतीच्या, म्हणजे वहीत नोंदलेल्या किमतीच्या, वर राहिले. प्रसारणाच्या एका ओळीने तो सगळा भार उचलला. ज्या वर्षी संघाने एकही सामना खेळला नाही, त्या वर्षाच्या अखेरीस संघाची मालकी पूर्वीइतकीच मोलाची होती. गणित बरोबर होते आणि ते मी स्वतः तपासले होते, पण खेळाडूंच्या मानधनापुढची ती आडवी रेघ आणि हे उत्तर एकाच कागदपत्रात राहणार, हे मला त्या क्षणी फार जड वाटले.

मध्येच मालकांनी विम्याचा विषय काढला. विम्बल्डनच्या क्लबने साथरोगाचाही विमा उतरवला होता, आपल्याला हे कोणी का सुचवले नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या संघाची पॉलिसी घरच्या सामन्यांपुरती होती आणि तिच्यात साथरोग वगळलेला होता. 2020 नंतर तसे संरक्षण मागायला गेलेल्यांना कोणी दारात उभे करत नव्हते. मला विम्बल्डनची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटत होती आणि ती मी बोलून दाखवली. स्पर्धा रद्द झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच, आणि तरीही क्लबने जुलै 2020 मध्ये क्रमवारीप्रमाणे पात्र ठरले असते अशा 620 खेळाडूंना मिळून 1 कोटी पौंड वाटले. न झालेल्या स्पर्धेसाठी. मालक थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “त्यांच्याकडे विम्याचे पैसे आले होते, मॅडम. माझ्याकडे आला तो फक्त बँकेचा हप्ता.” ते खोटे बोलत नव्हते. मूळ व्यवसायाच्या कर्जाचे कागद त्याच टेबलावर पडलेले होते.

त्या कागदांवरूनच दिवसाचा सर्वांत कठीण प्रश्न पुढे आला. ताळेबंद मांडताना एक गृहीतक असते की ही कंपनी येते किमान बारा महिने आपला व्यवसाय चालू ठेवू शकेल. आमच्या भाषेत त्याला गोइंग कन्सर्न म्हणतात. ज्या कंपनीला वर्षभर उत्पन्न नाही, जिची देणी हातातल्या रोखीपेक्षा कितीतरी अधिक आहेत, तिच्याबाबत ते गृहीत धरायला आधार लागतो. इथे आधार एकच होता, मालकांच्या मुख्य कंपनीने द्यायचे हमीपत्र, ज्याला सगळे सपोर्ट लेटर म्हणतात. पत्राचा मसुदा तयार होता. पण पत्र देणाऱ्याच्या खिशात पैसे आहेत का, हे पाहिल्याशिवाय ते पत्र मला कागदाइतकेच. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला होता. त्यात प्रदीप नरवालवर 1.65 कोटींची विक्रमी बोली लागली होती आणि प्रत्येक संघाला खेळाडूंवर 4.4 कोटींपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. आमच्या कंपनीनेही लिलावात बोली लावून खेळाडू घेतले होते. म्हणजे डिसेंबरपासून मानधन द्यायचे होते, महिनाभर आधी सराव शिबिर लावायचे होते, आणि तोपर्यंत लीगकडून मोठी रक्कम येणार नव्हती.

माझ्या पार्टनरांनी मुख्य कंपनीची बँक मर्यादा किती शिल्लक आहे याचे पत्र मागितले. फायनान्स प्रमुख म्हणाले की ते आणायला आठवडा लागेल आणि मुदत उलटून जाईल. पार्टनर शांतपणे म्हणाले, “मग आम्हाला अहवालात गंभीर अनिश्चिततेचा परिच्छेद घालावा लागेल.” कंपनी चालू राहील की नाही याबद्दल ऑडिटरलाच मोठी शंका आहे, हा त्या परिच्छेदाचा अर्थ टेबलाभोवतीच्या सर्वांना माहीत होता. तो बँक वाचते, प्रायोजक वाचतो, संघात हिस्सा घ्यायला येणारा तर सर्वांत आधी वाचतो. मालकांनी दुसऱ्या खोलीत जाऊन दोन-तीन फोन केले आणि अर्ध्या तासाने परत आले. संघ विकत घेण्याबद्दल त्यांच्याकडे विचारणा आली होती, असे त्यांनी आम्हाला तेव्हा पहिल्यांदा सांगितले. किंमत चांगली होती. पण त्यांनी नकार कळवला होता आणि स्वतःच्या वैयक्तिक ठेवी कंपनीत कर्ज म्हणून आणण्याचे ठरवले होते. ठेवींच्या पावत्या दुसऱ्या दिवशी दाखवतो म्हणाले, आणि त्यांनी दाखवल्याही.

मग मी धनकोंची यादी काढली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे थकली तर 2006 च्या कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते आणि ती थकबाकी ताळेबंदाच्या टिपांत वेगळी दाखवावी लागते. शिवणकामवाले, छपाईवाले, शिबिराला जेवण पुरवणाऱ्या बाई, यांच्यापैकी कोणाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे हे तपासा, असे मी सांगितले. तिघांची निघाली. त्यांचे व्याज मोजून टीप बदलावी लागली. बसवाल्याची नोंदणी नव्हती. कायद्याने त्याच्यासाठी मला काहीही करता येत नव्हते, त्याची रक्कम ‘इतर देणी’ या मोठ्या आकड्यात मिसळून गेली. मी त्याचे पत्र फाइलमधून काढले आणि शिलकेचा पुरावा म्हणून मालकांपुढे ठेवले. ऑडिटरने एवढेच करावे, किंबहुना एवढेही करावे की नाही याबद्दल दोन मते असू शकतात. त्यांनी ती शेवटची ओळ वाचली, पत्र उलटे करून पाहिले, जणू मागे आणखी काही असेल, आणि फायनान्स प्रमुखांकडे सरकवले. बोलले कोणीच नाही.

परतीच्या गाडीत साडेआठच्या सुमारास मोबाइलवर बातमी वाचली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देशांतर्गत खेळाडूंच्या सामना शुल्कात वाढ जाहीर केली होती, आणि महामारीमुळे न झालेल्या 2020-21 च्या हंगामाची भरपाई म्हणून, 2019-20 मध्ये खेळलेल्या खेळाडूंना 50 टक्के अतिरिक्त सामना शुल्क देण्याचे ठरवले होते. रणजी करंडक त्या वर्षी 87 वर्षांत प्रथमच झाला नव्हता. मंडळाला ते परवडत होते हे खरे. आधल्या वर्षी आयपीएल अमिरातीत प्रेक्षकांविना झाली तरी तिच्यातून 4,000 कोटींचे उत्पन्न मिळाल्याचे कोषाध्यक्ष अरुण धुमल यांनीच सांगितले होते. तरीही परवडणे आणि देणे यांत अंतर असते, आणि मंडळाने ते पार केले याचा मला मनापासून आनंद झाला. डोंबिवली येईपर्यंत मी ती बातमी तीनदा वाचली. न झालेल्या हंगामाचे देणे कोणीतरी आपल्या वहीत लिहून घेतले होते.

तीन दिवसांनी, 23 सप्टेंबरला, सर्वसाधारण सभेची मुदत दोन महिन्यांनी वाढल्याचा आदेश निघाला. बँकेचे पत्र आले, ठेवींचे पैसे कंपनीच्या खात्यात जमा झाले, आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही गंभीर अनिश्चिततेचा परिच्छेद न घालता, पण हमीपत्राचा स्पष्ट उल्लेख करून अहवालावर सही केली. त्याच महिन्यात दुबईत आयपीएलच्या दोन नव्या संघांचा लिलाव झाला. लखनौचा संघ 7,090 कोटींना आणि अहमदाबादचा 5,625 कोटींना गेला. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम 22 डिसेंबरला बंगळूरला सुरू झाला. एकाच हॉटेलच्या आवारात सगळे बारा संघ राहिले, तिथेच खेळले, प्रेक्षक नव्हते. अंतिम सामना दिल्लीने पाटण्याविरुद्ध 37-36 असा एका गुणाने जिंकला, तो मी घरी बसून पाहिला आणि शेवटच्या चढाईला उभी राहिले.

पुढच्या वर्षीच्या ऑडिटमध्ये मी पुन्हा तेच दोन रकाने उघडले. खेळाडूंच्या मानधनाच्या ओळीत चालू वर्षाचा आकडा होता आणि शेजारी मागील वर्षाची आडवी रेघ. भिवंडीच्या गोदामातून लहान मापाच्या शर्टांची खोकी गेली होती. आवक-जावक वहीत काकांच्या अक्षरात ‘वाटप, जिल्हा परिषद शाळा’ अशी नोंद आणि खाली मुख्याध्यापकांची सही होती. बसवाल्याची शिल्लक मार्च 2022 मध्ये पूर्ण फेडलेली दिसत होती. नियमाप्रमाणे आम्ही त्याला पुन्हा पत्र पाठवले. उत्तर या वेळीही टपालानेच आले. बाकी निरंक असल्याचे त्याने लिहिले होते, शिक्क्याच्या जागी नुसती सही होती, आणि तिच्याखाली, बस विकली असल्याने यापुढील पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर करावा, असे लिहून नवा पत्ता दिला होता.